पन्नाशीत उचललेले बिऱ्हाड

आपल्यापैकी कित्येकांची घरे बदलीच्या नोकरीवर चालतात. आज इंदूर, उद्या जबलपूर, परवा हुबळी असे करीत ट्रंका, वळकट्या आणि मुलांच्या शाळेचे दाखले सांभाळण्याचा ज्यांस अनुभव आहे, त्यांना ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण कोणी समजावून द्यावयास नको. तथापि बदली कोठेही झाली तरी माघारी जावयाला आपले गाव असते, आणि पुढच्या पहिल्या तारखेला पगार हाती पडेल एवढी शाश्वतीही असते. या दोहोंपैकी एकही ज्याच्यापाशी उरले नाही, अशा एका प्राध्यापकाच्या संसाराची हकीकत या वेळी आपल्यापुढे ठेवावयाची आहे. त्यांचे नाव मॅक्स बॉर्न. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस हे नाव क्रमिक पुस्तकांतून भेटते. परंतु हे गृहस्थ सुमारे सहा महिने बंगलोरला, म्हणजे आजच्या बंगळुरूला, राहून गेले आणि तेथे कायमचे राहण्याची त्यांची आशा फोल ठरली, हे त्या विद्यार्थ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

बॉर्न यांचा जन्म 11 डिसेंबर 1882 रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नावही पालटले आहे. घराणे ज्यू. वडील गर्भविज्ञानाचे प्राध्यापक, आणि आईच्या माहेरी कापडाचा मोठा व्यवसाय. मॅक्स चार वर्षांचा असतानाच आई वारली, आणि शालेय शिक्षण संपण्याच्या सुमारास, 1900 साली, वडीलही गेले. मातृकुळातून आलेला पियानोचा छंद आणि बालपणीच जडलेला दमा या दोन गोष्टी जन्मभर त्यांच्या सोबत राहिल्या. 1913 च्या ऑगस्टमध्ये हेडविग एरेनबर्ग या कायद्याच्या प्राध्यापकाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. आप्तेष्ट तिला हेडी म्हणत. आयरीन आणि ग्रिटली या दोन मुली, आणि पुष्कळ वर्षांनी, 1921 मध्ये, मुलगा गुस्टाव्ह, असा त्यांचा परिवार होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब बर्लिनला होते. त्या वेळी त्यांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांत आइन्स्टाइन असत. ते व्हायोलिन घेऊन येत, बॉर्न पियानोवर साथीला बसत, आणि विज्ञानाच्या चर्चेइतकाच वेळ संगीतात जाई. पुढे बॉर्न फ्रँकफुर्टला प्राध्यापक झाले तेव्हा चलनवाढीने जर्मनी पोळून निघाला होता व प्रयोगशाळेत उपकरणांना पैसा नव्हता. सापेक्षतावादाविषयी लोकांत तेव्हा विलक्षण कुतूहल होते. बॉर्न यांनी त्या विषयावर तिकीट लावून व्याख्याने दिली आणि जमलेली रक्कम सहकाऱ्यांच्या प्रयोगांसाठी वापरली. आपल्याकडील व्याख्यानमालांच्या चिटणीसांना हा मार्ग खचित आवडेल.

1921 पासून ते गटिंगेनला होते. त्यांच्या हाताखाली तेथे जी तरुण मंडळी आली, तशी एका गुरूच्या वाट्याला क्वचितच येते. पाउली, हायझेनबर्ग, योर्डान हे त्यांचे साहाय्यक वा सहकारी. ओपेनहायमर आणि मारिया गोपर्ट यांनी डॉक्टरेट मिळविली ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. 1925 च्या उन्हाळ्यात हायझेनबर्गने एक निबंध त्यांच्या हाती दिला. त्यात गुणाकाराची एक चमत्कारिक रीत होती. तीन पाचे आणि पाच त्रिक यांचे उत्तर एकच येते हे आपण लहानपणी घोकलेले असते. या गुणाकारात मात्र क्रम बदलला की उत्तर बदले, सदऱ्यावर कोट घालणे आणि कोटावर सदरा घालणे यांत फरक पडावा तसे. काही दिवस विचार करताच बॉर्न यांच्या ध्यानात आले, की ब्रेस्लाऊला विद्यार्थी असताना शिकलेले मॅट्रिक्सचे गणित ते हेच. योर्डान आणि हायझेनबर्ग यांच्यासह त्यांनी त्यावर पुंजयामिकीची उभारणी केली.

पुढल्याच वर्षी, 1926 मध्ये, त्यांनी याहूनही दूरगामी असे एक विधान केले. इलेक्ट्रॉन एखाद्या अणूवर आदळला तर तो कोणत्या दिशेस जाईल, हे समीकरणातून निश्चित सांगता येत नाही. कोणत्या दिशेस जाण्याचा किती संभव आहे, एवढेच सांगता येते, असे ते विधान होते. आयुर्विम्याचा हप्ता ठरविणारा गणिती अमुक एक गृहस्थ केव्हा जाणार हे सांगू शकत नाही, पण लाख माणसांतून एका वर्षात सुमारे किती जातील हे सांगू शकतो. हा दाखला पुरता लागू मात्र नाही. विमेदाराच्या बाबतीत आपले अज्ञान हे माहितीच्या अपुरेपणामुळे असते. बॉर्न यांच्या मते इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अधिक माहिती मिळविण्याजोगी नसतेच. आइन्स्टाइन यांना हे अखेरपर्यंत पटले नाही. परमेश्वर फासे टाकीत नाही, अशा आशयाचा त्यांचा सुप्रसिद्ध उद्गार बॉर्न यांनाच लिहिलेल्या पत्रात आहे. दोघे मित्र या प्रश्नावर पत्रांतून जवळजवळ तीस वर्षे वाद घालीत राहिले, आणि त्याच पत्रांत एकमेकांच्या मुलाबाळांची खुशालीही विचारीत राहिले.

1933 च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारने ज्यू नोकरदारांना सरकारी सेवेतून दूर करणारा कायदा केला. महिना संपण्यापूर्वीच, ज्या प्राध्यापकांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले त्यांच्या यादीत बॉर्न यांचे नाव झळकले. त्यांनी तरुणपणीच ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती, पण कायद्याला धर्माशी कर्तव्य नव्हते, रक्ताशी होते. वय पन्नास, हाताखाली जगातील एक अग्रगण्य विद्यापीठ-विभाग, घरात उपवर मुली आणि अकरा वर्षांचा मुलगा. मे महिन्यात हे कुटुंब इटलीच्या उत्तर सरहद्दीवरील सेल्वा या डोंगराळ खेड्यात जाऊन राहिले. तेथून पुढे कोठे जावयाचे हे ठरलेले नव्हते.

निर्वासित विद्वानांना साहाय्य करण्यासाठी इंग्लंडमध्ये त्याच वर्षी एक परिषद स्थापन झाली होती आणि रदरफर्ड तिचे अध्यक्ष होते. केंब्रिजने बॉर्न यांना एक तात्पुरती अध्यापकाची जागा दिली. गटिंगेनच्या विभागप्रमुखाला ही पायरी खालची होती. बॉर्न यांनी ती कृतज्ञतेने स्वीकारली. आपले इंग्रजी सुधारीत, नव्या विद्यार्थ्यांना शिकवीत, त्यांनी तेथे दोन पुस्तके सिद्ध केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोबेल पारितोषिकांची घोषणा झाली. पुंजयामिकीच्या निर्मितीबद्दल 1932 चे पारितोषिक एकट्या हायझेनबर्गला मिळाले. तिघांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय एकट्याने घ्यावे लागत आहे याची खंत हायझेनबर्गने आपल्या गुरूला पत्र लिहून कळविली. पत्र चांगले होते. पण देश, नोकरी आणि श्रेय अशी तिन्ही एका वर्षात गेली असता चांगल्या पत्राचा आधार किती वाटावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

केंब्रिजची मुदत संपत आली, आणि अशा वेळी बंगलोरहून चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पत्र आले.

जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था 1909 पासून बंगलोरला आहे. तेथील जुने लोक तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. 1933 मध्ये रामन तिचे संचालक झाले, आणि त्या पदावर बसलेले ते पहिलेच भारतीय होते. जर्मनीने आपले विद्वान रस्त्यावर टाकले आहेत, त्यांतले काही आपण उचलून आणावेत, असा त्यांचा विचार होता. ज्या देशाला अद्याप स्वतःचे राज्य नव्हते त्या देशातील एका संस्थेने हे योजावे, याचे मला आजही कौतुक वाटते. 1935 च्या शरद ऋतूत बॉर्न आणि हेडी बंगलोरला आले. मुले युरोपातच राहिली. रामन यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांच्यासारख्या विद्यार्थ्यांशी बॉर्न यांचे जमले. गणिती पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद निर्माण करून ते बॉर्न यांना कायमचे द्यावे, अशी खटपट रामन यांनी सुरू केली.

त्यानंतर जे घडले ते बॉर्न यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. संस्थेच्या अध्यापकांच्या सभेत रामन यांनी त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. रामन यांना स्तुती करताना हात आखडता घेणे ठाऊक नव्हते, आणि निंदा करतानाही नव्हते. संस्थेत त्यांचे विरोधक पुष्कळ होते. एक इंग्रज प्राध्यापक उठून उभे राहिले. बॉर्न पतिपत्नी या गृहस्थांशी स्नेहाने वागली होती. आपल्याच देशाने हाकलून लावलेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आम्हांला पुरेसा नाही, अशा अर्थाचे शब्द त्यांनी भर सभेत उच्चारले. बॉर्न घरी आले आणि हेडीपाशी बसून रडले.

वाचकहो, बोलणारा इंग्रज होता, म्हणून आपण हात झटकून मोकळे होऊ नये. तो स्वतः या देशात परदेशीच होता, ही विसंगती उघड आहे. परंतु सभा आपल्या भूमीवर भरली होती, संस्था आपल्या माणसाच्या देणगीतून उभी होती, आणि ते पद अखेरीस निर्माण झाले नाही ते संस्थेच्या व्यवस्थापनाने रामन यांच्या एकंदर कारभारावर चालविलेल्या झगड्यामुळे. 1936 मध्ये चौकशी समिती आली आणि 1937 मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते तेथेच राहिले. बॉर्न मात्र त्यापूर्वीच परतले होते. भारतीय पदार्थविज्ञानाचे यात किती नुकसान झाले याचा अंदाज पुढे त्यांनी एडिंबरोला काय केले यावरून बांधता येईल.

पुढेही अनिश्चितता होतीच. मॉस्कोहून कापित्झा यांचे बोलावणे आले होते, आणि त्रेपन्नाव्या वर्षी रशियन भाषा शिकावी की काय, असा विचार घरात चालला होता. इतक्यात एडिंबरो विद्यापीठातील चार्ल्स गाल्टन डार्विन यांची जागा रिकामी झाली व 1936 च्या ऑक्टोबरात बॉर्न तेथे प्राध्यापक झाले. तेथे ते सतरा वर्षे राहिले. पूर्वी गटिंगेनला होता तसा मोठा लवाजमा येथे नव्हता. साधासा विभाग होता. जे विद्यार्थी येत तेही बहुधा दूरदूरच्या देशांतून, कोणी निर्वासित, कोणी शिष्यवृत्तीवर.

त्यांची दिनचर्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवली आहे. सकाळी आल्याबरोबर ते एकेका संशोधक विद्यार्थ्यापाशी जात, काल काय झाले ते विचारीत, सल्ला देत. पुष्कळदा विद्यार्थ्याचे गणित अडलेले असे, आणि बॉर्न खिशातून काही कागद काढीत. त्याच प्रश्नाची लांबलचक आकडेमोड त्यांनी स्वतः आदल्या दिवशी करून आणलेली असे. नंतर वर्गातील व्याख्याने आणि कचेरीचे काम. स्वतःचे संशोधन ते बहुतेक घरी, दुपारी व रात्री, करीत. ज्यांच्या घरी शिक्षकी पेशा आहे त्यांनी या कागदांचा जरा विचार करावा. विद्यार्थ्याचे काम तपासणारे शिक्षक पुष्कळ असतात. त्याच्या आधी बसून तेच काम स्वतः करून पाहणारे थोडे.

त्या विद्यार्थ्यांत चीनमधून आलेले पंग ह्वानवू होते. हुआंग कुन यांच्यासमवेत बॉर्न यांनी स्फटिकांतील कंपनांवर जो ग्रंथ लिहिला तो 1954 मध्ये निघाला व आजही प्रमाण मानला जातो. प्रागहून आलेले एमिल वोल्फ हे दुसरे. त्यांच्याबरोबर लिहिलेला प्रकाशविज्ञानाचा ग्रंथ लांबत चालला. एका प्रकरणासाठी वोल्फ अडून बसले आहेत असे कळताच बॉर्न वैतागून म्हणाले, की या विषयात तुझ्यावाचून कोणाला रस आहे, ते प्रकरण टाकून दे आणि पुस्तक छापावयास धाड. सुदैवाने प्रकरण राहिले. ग्रंथ 1959 मध्ये प्रसिद्ध झाला, 1960 मध्ये लेसरचा शोध लागला, आणि नेमक्या त्याच विषयाची सर्वांना गरज भासू लागली. त्या ग्रंथाला हातभार लावणाऱ्यांत अवध बिहारी भाटिया हे भारतीयही होते. त्यांच्याकडील विषय, ध्वनितरंगांमुळे होणारे प्रकाशाचे विवर्तन, हा बंगलोरला रामन आणि नागेंद्र नाथ यांनी हाताळलेलाच होता. रामन व बॉर्न यांचे मात्र पुढे बिनसले. स्फटिकांच्या कंपनांविषयी रामन यांनी बॉर्न यांच्या विरुद्ध उपपत्ती मांडली, आणि 1940 नंतर दोघांत कडाक्याचा वाद झाला. शास्त्राचा निकाल बॉर्न यांच्या बाजूने लागला.

आता घराकडे वळू. एडिंबरोला ग्रेंज लोन नावाच्या रस्त्यावर त्यांचे बिऱ्हाड होते. हे घर म्हणजे निर्वासितांचा एक मुक्कामच झाला होता. जर्मनीत अडकलेल्या आप्तांसाठी आणि परक्यांसाठीही हमीपत्रे मिळविणे, कोणाला नोकरी, कोणाला निवारा शोधून देणे, हे काम नवराबायको दोघेही करीत. हेडी 1938 मध्ये क्वेकर पंथात गेल्या आणि त्या कामात त्यांना मनाची शांती लाभली. हा संसार नेहमीच गोडीगुलाबीचा होता असे मात्र समजू नये. दोघांचे स्वभाव भिन्न होते, आणि स्थलांतराच्या पूर्वीही घरात गंभीर ताण येऊन गेले होते. सहवास टिकला, आणि उतारवयात तो अधिक निकटचा झाला, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते.

31 ऑगस्ट 1939 रोजी बॉर्न ब्रिटिश नागरिक झाले. दुसऱ्या दिवशी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. काही दिवसांचा उशीर झाला असता तर त्यांची गणना शत्रुराष्ट्राच्या प्रजाजनांत झाली असती. त्यांचे विद्यार्थी क्लाउस फुक्स यांच्या नशिबी तेच आले. 1940 मध्ये त्यांना स्थानबद्ध करून कॅनडाला पाठविण्यात आले, आणि त्यांच्या सुटकेसाठी बॉर्न यांनी खटपट केली. हेच फुक्स पुढे अणुबाँबच्या कामावर गेले, आणि त्यातील रहस्ये सोव्हिएट रशियाला पुरविल्याबद्दल 1950 मध्ये त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. बॉर्न स्वतः त्या कामापासून दूरच राहिले होते.

त्यापूर्वीच त्यांनी मुलाला एक सल्ला दिला होता. युद्ध येणार हे त्यांना दिसत होते. गुस्टाव्हने वैद्यकी शिकावी, म्हणजे त्याच्यावर कोणाला मारण्याची पाळी येणार नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. गुस्टाव्ह एडिंबरोलाच डॉक्टर झाला आणि सैन्याच्या वैद्यकीय पथकातून जपानला गेला. हिरोशिमा येथे बाँबमधून वाचलेली पण रक्तस्रावाने खंगत चाललेली माणसे त्याने पाहिली. किरणोत्सर्गामुळे त्यांच्या रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या सूक्ष्म कणिका, नाहीशा झाल्या होत्या. या कणिका एकत्र कशा चिकटतात हे मोजण्याची सोपी रीत त्याने 1962 मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली. गुस्टाव्ह बॉर्न 2018 मध्ये वारले.

थोरली आयरीन एका वेल्श गृहस्थाशी विवाह करून 1954 मध्ये ऑस्ट्रेलियास गेली. सुप्रसिद्ध गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन ही तिचीच मुलगी. ग्रिटलीने केंब्रिजमधील एका पदार्थवैज्ञानिकाशी लग्न केले. एका पिढीत घर जर्मन भाषेतून इंग्रजीत आले.

1953 मध्ये बॉर्न निवृत्त झाले. सतरा वर्षांच्या नोकरीवर मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. जर्मनीने हिरावलेले निवृत्तिवेतन परत देऊ केले होते, पण ते जर्मनीत राहिल्यास मिळणार होते. पतिपत्नी गटिंगेनपासून फार दूर नसलेल्या बाट पिरमोंट या गावी राहावयास गेली. तेथे क्वेकरांचे केंद्र होते. आइन्स्टाइन यांना हे मुळीच रुचले नाही. आमच्या बांधवांच्या सामूहिक हत्या करणाऱ्यांच्या देशात तू परत कसा जातोस, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. बॉर्न यांनी पैशाची अडचण सांगितली, आणि जर्मनीतील क्वेकरांचेही स्मरण दिले. आइन्स्टाइनचा संताप मी समजू शकतो. परंतु सत्तरीतल्या ज्या माणसाला दोन देशांत मिळून हक्काचे निवृत्तिवेतन जुळत नव्हते, त्याला दोष देण्यास माझे मन धजत नाही. शिवाय बॉर्न तेथे गप्प बसले नाहीत. अण्वस्त्रांविरुद्धच्या 1955 च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. पश्चिम जर्मनीने अण्वस्त्रे घेऊ नयेत असे 1957 मध्ये ज्या अठरा शास्त्रज्ञांनी बजावले त्यांतही ते होते.

जर्मनीत आल्यानंतर त्यांना 1954 चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते बोथे यांच्यासमवेत विभागून होते, आणि मुख्यतः 1926 च्या त्या संभाव्यतेच्या विधानासाठी होते. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली होती.

अखेरच्या वर्षांत त्यांनी आइन्स्टाइन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार एकत्र केला, प्रत्येक पत्राखाली टिपण लिहिले, आणि हेडींची पत्रेही त्यात ठेवली. 1969 मध्ये तो ग्रंथ निघाला. 5 जानेवारी 1970 रोजी बॉर्न गटिंगेन येथे वारले. हेडी त्यांच्यामागून दोन वर्षांनी. त्यांच्या थडग्याच्या दगडावर एक समीकरण कोरलेले आहे: गुणाकाराचा क्रम बदलला असता किती फरक पडतो ते सांगणारे.